दोन भावांचा एक पाईप

ढाळमिस्त्रीचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या मोऱ्या, संडास आणि गटारं यांत हात घातलेला माणूस. त्याला काहीही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: "ढाळ बघावा लागेल." ढाळ म्हणजे पाण्याचा उतार. बेसिन कुठे बसवू? ढाळ बघावा लागेल. गच्चीवर पाणी का साचतं? ढाळ बघावा लागेल. एकदा शेजाऱ्यानं नव्या जावयाबद्दल मत विचारलं, तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघून गेलं, आणि पुढे जावई जे दिवे लावायचे ते लावून बसल्यावर मिस्त्रीचा गल्लीतला मान उगाचच वाढला.

अशा माणसाला साहेबांनी बोलावलं.

साहेब म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले बडे कारकून. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांवर लाल शाईनं 'त्रुटी' लिहून ते परत पाठवले होते. निवृत्तीनंतर अर्ज येणं थांबलं, पण लाल शाई संपेना. मग त्यांनी स्वतःच्या घरातल्या त्रुटी शोधायला घेतल्या आणि पहिली सापडली ती संडासाची.

घर वडिलांनी बांधलेलं, साधं, तीन मजली. तळमजला छापखान्याला भाड्यानं दिलेला. पहिल्या मजल्यावर साहेब आणि त्यांची बायको, दुसऱ्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. दोघा भावांत सहा वर्षं अबोला. वाटणीत कपाटं वाटली गेली, जिन्याखालची जागा वाटली गेली, गच्चीवर रंगानं रेघ ओढून झाली. आईवर रेघ ओढता येईना, म्हणून तिचे महिने केले: एक महिना वर, एक महिना खाली. पहिली तारीख आली की आईची पेटी, औषधांचा डबा आणि आई अशी तिन्ही जिन्यावरून हलत. पेटी उचलायला माणूस मिळे, आईला कठडा.

वाटायचा राहिला तो फक्त एक पाईप. मागच्या भिंतीला चिकटून वरून खाली आलेला, बीडाचा, चार इंची, वडिलांच्या वेळचा. वरच्यांचं आणि खालच्यांचं सगळं त्यातूनच जात होतं.

"बसा," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावर तीन रंगांत काढलेला आराखडा पसरला. "निळं म्हणजे स्वच्छ पाणी. लाल म्हणजे अस्वच्छ. हिरवं म्हणजे भविष्यकालीन."

"भविष्यात काय जाणार आहे त्यातून?" मिस्त्रीनं विचारलं.

साहेबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. अडचण खरी होती. संडासाचं दार थेट बैठकीच्या खोलीत उघडायचं. आलेले पाहुणे चहा पीत असायचे आणि आत कोणी गेलं की बाहेरच्यांना एकदम मोठ्यानं हवापाण्याविषयी बोलावं लागायचं. साहेबांचे जुने वरिष्ठ एकदा आले होते, तेव्हा तर दहा मिनिटं सगळे नुसतं पावसावर बोलत होते, आणि पाऊस महिनाभर पडला नव्हता.

"म्हणून हा इथून हलवायचा," साहेबांनी लाल चौकोनावर पेन ठेवलं, "आणि इथे बसवायचा."

मिस्त्रीनं पाहिलं. चौकोन साहेबांच्या झोपायच्या खोलीच्या पार पुढच्या कोपऱ्यात होता.

"आईसाठी करतोय," साहेब म्हणाले. "वय झालं तिचं. तिची सोय बघायला नको?"

"आईंची खोली कुठली?"

चहा ठेवायला आलेल्या साहेबांच्या बायकोनं मागच्या बाजूला बोट दाखवलं. मागच्या गॅलरीला लागून एक लहान खोली होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर दिनदर्शिका. म्हणजे आईला आता बैठकीपर्यंत यावं लागत होतं. नव्या व्यवस्थेत तिला बैठक ओलांडून लेकाच्या खोलीत शिरावं लागणार होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मिस्त्रीनं पुष्कळ पाहिले होते, पण इथे भांडं आईच्या पदराखाली लपवलं होतं. त्याला काय करायचं होतं? त्यानं पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक साहेबांच्या बायकोच्या हातात दिलं.

"वहिनी, त्या कोपऱ्यात धरा. हलवू नका."

दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत थांबलं, तशा त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. मग टेप धरली.

"कोपऱ्यापासून पाईपपर्यंत बावीस फूट. फुटाला पाव इंच ढाळ धरला तर साडेपाच इंच. त्यात चार इंचांचा पाईप, वर फरशी. म्हणजे तुमचा संडास जमिनीपासून जवळजवळ एक फूट उंच येणार. पायऱ्या कराव्या लागतील."

"पायऱ्या? मी काय राज्याभिषेकाला बसणार आहे तिथे?"

"मग पाईप खालच्या छताला टांगू."

छापखानेवाल्याला विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, माझ्या कागदावर तुमचा मजकूर नको.

"मग ढाळ कमी करा," साहेब म्हणाले. "पाव इंचाचा नियम कुठल्या परिपत्रकात आहे?"

"परिपत्रक मला ठाऊक नाही. पाण्याला ठाऊक आहे."

"वरून जोरात पाणी सोडलं की सरळ पाईपातूनही जाईल. जोर असतो त्याला."

"जोर असतो, साहेब. तीन फुटांपर्यंत. पुढचे एकोणीस फूट सगळं आत मुक्कामाला राहील, आणि एके दिवशी सगळं मिळून परत येईल. तुम्ही तेव्हा कुठे बसलेले असाल ते तुमचं तुम्ही बघा."

साहेबांची बायको नळीचं टोक धरून उभीच होती. ती नळीतल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आणि आईंच्या खोलीशेजारी केला तर?"

मिस्त्रीनं आधीच मोजलं होतं. आईच्या खोलीशेजारी अडगळीची एक खोली होती, तिथून पाईप सहा फुटांवर. "मागच्या बाजूनं तोंड असलेलं भांडं बसवायचं. पाईप भिंतीलगत जाईल, दीड इंच ढाळ पुरे. फरशी उकरायची नाही, पायरी नाही. म्हाताऱ्या माणसाला बरं."

"ती खोली माझ्या कागदपत्रांची आहे," साहेब म्हणाले. ते तेवढ्यावर थांबले आणि त्यांनी आराखड्यावर लाल पायऱ्या काढल्या. पायऱ्यांपुढे नाव घातलं: उन्नत स्वच्छतागृह.

मिस्त्रीनं वाद घातला नाही. पाईपाला ढाळ मिळाला की त्याचं भांडण संपत असे. माणसांचा ढाळ कुठल्या बाजूला आहे हे बघायचं काम त्याच्याकडे कोणी दिलं नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. जुना फाटा फरशीखाली सडला होता. त्यात नवा पाईप जोडणं म्हणजे विरलेल्या सदऱ्याला जाड ठिगळ लावणं. त्यामुळे उभा पाईपच मागच्या गॅलरीत कापायचा, मधे नव्या प्लास्टिकच्या पाईपाचा तिठा, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालायचा, आणि नवं-जुनं रबरी पट्ट्यांनी आवळायचं. या कामाला तीन-चार तास. तेवढा वेळ वरच्यांनी पाण्याचा एक थेंबही सोडायचा नाही.

"मग वर सांगून टाका," मिस्त्री म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला आणि कोरा कागद पुढे ओढला. अर्ध्या तासानं मिस्त्रीच्या हातात पत्र आलं. 'विषय: सामाईक मलवाहिनीचा वापर तात्पुरता स्थगित ठेवणेबाबत.'

अठरा पायऱ्या चढून मिस्त्रीनं वरची घंटी वाजवली. दार वीतभर उघडलं. धाकटा वकिलाकडे कारकुनी करत होता. त्यानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मिस्त्रीला दाराबाहेर उभं ठेवून उत्तर लिहिलं. 'आपल्या पत्रातील तात्पुरता या शब्दाचा खुलासा व्हावा. तसेच सदर वाहिनीस इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे नमूद करावे.'

तीन दिवस हे चाललं. मिस्त्री वर जायचा, खाली यायचा. त्याचे गुडघे दुखू लागले. नळकाम करणाऱ्याचा टपालवाला झाला, आणि टपाल तरी कसलं, तर एका भावानं दुसऱ्याला संडासाला जाऊ नकोस असं सांगायचं. त्या दोघांत अंतर किती होतं? एका छताचं. साहेब खोकले तर वर ऐकू जात होतं.

शेवटी वरून मंजुरी आली. 'येत्या शनिवारी सकाळी दहा ते दोन या वेळेत आम्ही उभयता बाहेर राहू. कळावे.' साहेबांनी ते पत्र फायलीला लावलं आणि एखादं राज्य जिंकल्यासारखे मिस्त्रीकडे बघून म्हणाले, "लेखी घेतलं की प्रश्न मिटतो."

शनिवारी दहाला मिस्त्री गॅलरीत बसला. त्याची एक जुनी सवय होती: उभा पाईप कापायच्या आधी वरच्या प्रत्येक दारावर स्वतः जाऊन थाप मारायची. त्या दिवशी गुडघे ठणकत होते. त्यानं साहेबांना विचारलं, "वर कोणी आहे का?"

"कोणी नाही. लेखी आहे."

मिस्त्रीनं कागदावर विश्वास ठेवला.

त्यानं आधी वरचा पाईप लोखंडी पट्ट्यानं भिंतीला बांधला, नाहीतर कापल्यावर तो खाली घसरला असता. मग कटर लावला. बीडाची काळी भुकटी उडाली, ठिणग्या उडाल्या, आणि हातभर लांबीचा तुकडा सुटून बाहेर आला. त्यानं तो उचलून आत पाहिलं. चार इंची पाईपात चाळीस वर्षांचा थर बसून जेमतेम तीन बोटं जातील एवढं भोक उरलं होतं.

"वडिलांनी घातलेला पाईप," साहेब दारातून म्हणाले. "असा माल आता मिळत नाही."

"मिळत नाही ते बरं आहे," मिस्त्री म्हणाला आणि खालच्या टोकाचा गंज कानशीनं घासायला बसला. रबर बसायचं तर लोखंड गुळगुळीत हवं.

साहेबांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय. पण त्या दिवशी ते उंटावरून उतरले. हातात टॉर्च घेऊन ते गॅलरीत आले, उकिडवे बसले, आणि वरच्या पाईपाच्या कापलेल्या तोंडाखाली मान वळवून आत बघू लागले.

"साहेब, तिथे नका बसू."

"कापलं ते तिरकं वाटतंय. मी तुम्हाला एक त्रुटी दाखवतो—"

वर कुठेतरी साखळी ओढल्याचा आवाज झाला. मग पाईपात दुरून गडगड. मिस्त्रीनं तो आवाज हजारदा ऐकला होता. तो झटकन भिंतीला चिकटला. साहेबांनी तो आवाज आयुष्यभर दाराआडून ऐकला होता, समोरून कधी नाही. त्यांचं तोंड उघडं होतं, कारण त्यांचं वाक्य पूर्ण व्हायचं होतं.

पुढचं फार वर्णन करण्यासारखं नाही. चष्मा गेला, टॉर्च गेली, सदरा गेला. साहेबांची बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिनं तोंडाला पदर लावला. तो वासासाठी की दुसऱ्या कशासाठी, हे तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पट्ट्याचे बोल्ट तपासत होता. ते पक्के होते, तरी तो बराच वेळ तपासत राहिला.

"मुद्दाम केलं त्यानं," साहेब म्हणाले. आवाज ओला होता. "लेखी देऊन मुद्दाम केलं. मी सोडणार नाही."

ते न्हाणीघरात गेले. मिस्त्रीनं हातातली कानशी खाली ठेवली. त्याला स्वतःचाच राग आला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दारावर थाप मारली नव्हती. तो गुडघे धरत अठरा पायऱ्या चढला आणि यावेळी त्यानं घंटी न वाजवता दारावर हातानं थाप मारली.

पावलं सरपटत आली. दार उघडलं. आत आई होती, पांढरे केस, हातात काठी.

"मिस्त्री ना तू? ये. हे दोघं बाहेर गेलेत."

मिस्त्रीनं विचारलं, "तुम्ही खाली नव्हता?"

"हा महिना वरचा आहे," आई म्हणाली. "काय झालं?"

"आई, पाणी सोडू नका. पाईप कापलाय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"पत्रं दिली होती."

"कोणाला?"

मिस्त्रीनं जिन्याकडे पाहिलं. आईनंच पुढे विचारलं, "कशाला कापला पाईप?"

"खालचा संडास हलवतोय. तुमच्यासाठी, असं साहेब म्हणाले."

"माझ्यासाठी?" आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि बसवणार कुठे?"

"साहेबांच्या खोलीत. कोपऱ्यात. एक फूट उंच येईल, पायऱ्या करायच्यात."

आईनं पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाली, "तुझा खांदा दे. मला खाली यायचंय."

एकेक पायरी मोजत दोघं उतरली. खाली पोचेपर्यंत धाकटा आणि त्याची बायकोही आली होती. ती दोघं कुठे लांब गेलीच नव्हती. कबूल केलेले चार तास समोरच्या चहाच्या दुकानात बसून काढायचे असं त्यांनी ठरवलं होतं, आणि आरडाओरडा ऐकून धाकटा सहा वर्षांत पहिल्यांदा थोरल्याच्या उंबऱ्यात उभा होता. साहेब ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून त्याच्यासमोर.

"लेखी दिलं होतंस तू."

"आणि पाळलंही. आम्ही चहावाल्याकडे होतो. साक्षीदार आहे."

"मग ते पाणी कोणी टाकलं? भुतानं?"

"मी," आई म्हणाली.

दोघंही वळले.

"मी टाकलं. मला लागली होती, मी गेले, आणि जाऊन आल्यावर पाणी टाकायचं असतं असं मीच तुम्हा दोघांना शिकवलं होतं."

साहेबांची बायको हळूच आत गेली आणि फाईल घेऊन आली. तिनं एकेक पत्र उलटलं. "सहा पत्रं आहेत," ती म्हणाली. "मलवाहिनी चौदा वेळा आलीय. आई एकदाही नाही." मग तिनं जावेकडे पाहिलं. जाऊ म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही त्यांना सकाळी खाली बोलावून घ्याल." थोरली म्हणाली, "मला वाटलं, तू बरोबर नेशील." दोघींनीही मान खाली घातली. निदान त्यांना तेवढं तरी सुचलं.

साहेबांनी टॉवेल सावरला. "आई, हे सगळं तुझ्याच सोयीसाठी—"

"मला विचारलंस?"

"आराखडा दाखवणार होतो."

"दाखव."

आराखडा आला. आईनं तो उलटा धरला होता. कोणी सांगायचं धाडस केलं नाही. "यात माझी खोली कुठे आहे?" मिस्त्रीनं बोट ठेवलं. "आणि पाईप?" मिस्त्रीनं दुसरं बोट ठेवलं. दोन बोटांत दीड इंच अंतर होतं. आईनं त्या अंतराकडे पाहिलं आणि मग पार दुसऱ्या टोकाच्या लाल पायऱ्यांकडे.

"मिस्त्री, इथे माझ्या शेजारी होतो की नाही?"

"होतो, आई. पायरीही नको. आता कापलंच आहे, तिठा फक्त चार बोटं वर घ्यायचा."

"मग तिथेच कर."

"तिथे माझी कागदपत्रं—" साहेब म्हणाले.

"ती गादीखाली ठेव," आई म्हणाली. "आणि आणखी एक. मी आता जिना चढणार नाही. उतरले ती उतरले."

धाकटा चपापला. "पण आई, हा महिना तू आमच्याकडे होतीस."

"तुमच्याकडे नव्हते. वर होते."

वकिलाच्या कचेरीत बारा वर्षं काढूनही धाकट्याला त्यावर हरकत सापडली नाही.

मिस्त्री गॅलरीत परतला. त्यानं दोन्ही टोकं घासून चकचकीत केली, रबरी पट्टे चढवले, मधे तिठा सरकवला आणि स्क्रू आवळत आणले, एकदा वरचा, एकदा खालचा, म्हणजे कुठे एका बाजूला ताण यायला नको. त्या दुपारी वरच्या मजल्यावरून कोणीही काहीही सोडलं नाही. धाकटा स्वतः वर जाऊन संडासाच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

पुढचे चार दिवस मिस्त्रीनं अडगळीत काम केलं. साहेबांची सत्तावीस गाठोडी बाहेर निघाली. त्यांतली अर्धी अशा कचेऱ्यांची होती ज्या आता अस्तित्वात नव्हत्या. भांडं बसलं, भिंतीलगत पाईप गेला, शेजारी हाताशी धरायला स्टीलची दांडी लागली. दांडीची उंची आईनं स्वतः बसून ठरवली. साहेब दिवसातून दोनदा येऊन बघून जात. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलावर नवा आराखडा काढला. त्यात संडास आईच्या खोलीशेजारी होता, वर लिहिलं होतं 'सुधारित', आणि तारीख आधीच्या आठवड्यातली घातली होती. बायकोनं ती तारीख पाहिली. मग ती चहात साखर घालायला विसरली.

तपासणीसाठी मिस्त्रीनं एकामागून एक पाच बादल्या ओतल्या आणि दर वेळी गॅलरीत जाऊन सांध्यावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. मग त्यानं गॅलरीतून हाक मारून वरच्या धाकट्याला साखळी ओढायला लावली. पाणी गडगडत आलं आणि तिठ्यावरून खाली निघून गेलं. आई खुर्चीवर बसून ऐकत होती.

"गेलं?"

"गेलं, आई."

तेवढ्यात जिन्यावर धडपड ऐकू आली. वर आईची आणखी एक खाट होती, ती खाली आणायची होती. खालची मोडकळीला आली होती. पुढे धाकटा, मागे साहेब, आणि मधे खाट वळणावर अडकलेली.

"डावीकडे घे," साहेब म्हणाले.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"डावं ते डावं. त्यात तुझं-माझं काय?"

"तू उलटा उभा आहेस."

"मी उलटा नाही, तू उलटा आहेस."

मिस्त्रीनं पिशवी खांद्याला लावली आणि खाट कशी उतरते ते बघत जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. पाव तास झाला तरी खाट हलली नव्हती, पण दोघं भाऊ अजून बोलत होते.